ओ, विश्वंभर!

*प्रिय बाई,*

*आमची मुलगी चार महिन्यांची झाली. नाव ठेवलं ओवी. सासरे दरवर्षी वारीला जातात, नाव त्यांनीच सुचवलं आणि घरात एकालाही ‘नको’ म्हणावंसं वाटलं नाही. घोटाळा झाला तो बारशाच्या दिवशी. नवऱ्याच्या मित्रानं हौसेनं माइकवरून पूर्ण नाव पुकारलं, ‘ओवी विश्वंभर...’ आणि तो आडनावापर्यंत पोचायच्या आतच हॉल हसायला लागला. ऐकू येतं ते ‘ओ, विश्वंभर!’ विश्वंभर म्हणजे माझा नवरा. तो बिचारा खरंच वळून बघत होता.*

*तेव्हापासून मधल्या नावाचा विषय निघाला की घरात चार पक्ष पडतात. नणंद न्यू जर्सीला असते. ती म्हणते, ‘मधलं नाव छोटं, ओवीला शोभेलसं घ्या, ओवी रिया वगैरे. इकडे सगळे तसंच करतात.’ सासरे म्हणतात, ‘बापाचं नाव लागतंच, त्यात शोभायचं काय?’ नवरा म्हणतो, विश्वंभरचं नुसतं ‘विश्व’ करू. आणि सासूबाई म्हणतात, आता आईचं नाव लावायचा नियम आलाय ना, मग ‘विद्या’ लाव. विद्या हे माझं लग्नातलं नाव. विश्वंभरला जुळतं म्हणून त्यांनीच ठेवलं. घरात मी विद्या, कागदोपत्री मात्र मृणालच. आडनाव तेवढं बदललं. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना अजून मोकळा आहे. काय लिहू? की ओवी हे नावच बदलू?*

*– मृणाल (विद्या), कर्वेनगर*

(आडनाव मी गाळलंय. पहिली नावं मात्र तिला विचारून तशीच ठेवलीत. ती बदलली असती तर प्रश्नच उरला नसता.)

प्रिय मृणाल,

तू ‘बाई’ म्हणून पत्र सुरू केलंस, म्हणजे मी ‘तू’ म्हणायला मोकळी झाले. तुझं पत्र वाचलं आणि ते नाव ओट्याशी उभी राहून मोठ्यानं म्हणून पाहिलं. आतून आमच्याकडची हाक आली, “कोण आलंय गं?” तेव्हा हॉलमधला हशा खोटा नव्हता, हे मान्य.

ओवी बदलू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

आता तुझ्या नणंदेचं. ती चुकीचं बोलत नाहीये, फक्त तिकडची रीत इकडे लावतेय. अमेरिकेत मधलं नाव म्हणजे दुसरं ठेवलेलं नाव. आईवडिलांनी हवं ते निवडावं, आजीचं घ्यावं, आईचं माहेरचं आडनाव घ्यावं, नाहीतर ठेवूच नये. त्यामुळे ते पहिल्या नावाला शोभतं का, किती लांब आहे, कुठल्या अक्षरावर जोर येतो, हे सगळं बघायला तिथे वाव असतो. आणि एवढं बघून झाल्यावर बहुतेकांच्या आयुष्यात त्याचं एक अक्षर उरतं. त्यांचे एक राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, हॅरी एस. ट्रूमन. त्यातला ‘एस’ कशाचाच नव्हता. एका आजोबांच्या नावात ‘शिप’ होतं, दुसऱ्या आजोबांचं नाव सॉलोमन. दोन्ही घरं खूश राहावीत म्हणून आईबापांनी नुसतं अक्षर ठेवलं. वाचलं तेव्हा मला वाटलं, हे जोडपं सदाशिव पेठेत सहज खपून गेलं असतं.

आपल्याकडचा हिशोब वेगळा आहे आणि तो भाषेतच सांगून ठेवलाय. पहिलं नाव आपण *ठेवतो*. वडिलांचं नाव *लावतो*. लावायची वस्तू आधीपासून घरात असते, ती शोधायला बाजारात जावं लागत नाही. म्हणून ‘मुलीला शोभेल असं मधलं नाव कुठलं’ हा प्रश्न मराठीत नीट उभाच राहत नाही. उभा राहतो तो उलटा प्रश्न: घरात जे नाव आहे, त्याच्या आधी कुठलं नाव बरं वाटेल? तो बारशाच्या आधी विचारायचा. तुम्ही विचारला नाहीत. बहुतेक कुणीच विचारत नाही. चरणाक्षर बघतात, अर्थ बघतात, शेजारच्या सोसायटीत तेच नाव आहे का तेही बघतात, आणि वडिलांचं नाव जोडून म्हणून बघायचं राहून जातं.

तू कर्वेनगरला राहतेस म्हणून तिथलंच उदाहरण देते. ज्यांच्या नावानं तुझं उपनगर ओळखलं जातं, ते धोंडो केशव कर्वे. त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे र. धों. केशवांचं नाव मुलाच्या पाठीशी, मुलाचं त्याच्या मुलाच्या पाठीशी. आता मला सांग, आज कुणी मुलाचं नाव ठरवताना ‘रघुनाथ’ला ‘धोंडो’ शोभतं का असं विचारलं, तर काय उत्तर येईल? पण ‘र. धों.’ म्हटलं की आपल्याला ते खटकत नाही, उलट ती दोन अक्षरं उच्चारताना आवाज जरा आदराचा होतो. माणूस मोठा झाला की नाव कानाला सवयीचं होतं. ओवीसुद्धा मोठी होणार आहे.

वडिलांचं नाव मागे लावायची ही रीत पुण्याला फार जुनी. शनिवारवाडा बांधणारा बाजीराव कागदोपत्री ‘बाजीराव बल्लाळ’. बल्लाळ म्हणजे त्याचे वडील बाळाजी. सवाई माधवराव ‘माधवराव नारायण’. कधी कधी दोन्ही नावं इतकी चपखल बसतात की सांधाच दिसत नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील कृष्णराव. पण महाराष्ट्राबाहेर कित्येकांना ‘गोपाळकृष्ण’ हे एकच नाव वाटतं. बापाचं नाव देवाच्या नावात विरघळून गेलं. आणि वि. स. खांडेकरांचं तर मूळचं नाव गणेश आत्माराम. दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. बाप बदलला तसं मधलं नाव बदललं, वर पहिलंही बदललं. म्हणजे हे नाव कधीच सजावटीचं नव्हतं. कुणाचं कोण, एवढं सांगायचं ते काम.

एवढं बोलून मी सासऱ्यांच्या बाजूची झाले असं वाटेल. पाऊण झाले. ‘त्यात शोभायचं काय’ हे मात्र मी मान्य करणार नाही, कारण मी तीस वर्षं हजेरी घेतली आहे.

हजेरी घेणाऱ्या बाईला नावाचा जो भाग कळतो तो नावांच्या पुस्तकात नसतो. पहिल्या नावाचं शेवटचं अक्षर आणि पुढच्याचं पहिलं अक्षर एकच असलं की जीभ आळस करते. एकच अक्षर दोनदा म्हणायचा तिला कंटाळा. ‘समीर रमेश’चं दुसऱ्या आठवड्यात ‘समीरमेश’ होतं. ‘निनाद दत्तात्रय’चं ‘निनादत्तात्रय’. पहिलं नाव ‘आ’वर संपलं आणि पुढचं ‘अ’नं सुरू झालं तर वर्गात बसल्या बसल्या संधी शिकवून होतो: आर्या अनिल, आर्यानिल. तुझ्या लेकीचं हेच झालंय. ‘वी’ दीर्घ, ‘वि’ ऱ्हस्व, कागदावर दोन वेगळी. पण मोठ्यानं म्हटलं की एक गिळलं जातं. उरतो ‘ओ’ आणि अख्खा विश्वंभर.

यापेक्षा अवघड जोड्या मी पाहिल्या आहेत. आरव म्हणजे आवाज, आणि पुढे वडील शांताराम. ‘रमेश सुरेश’सारखी यमकं, ती वर्गात कुणीतरी चालीवर म्हणणारच. सगळ्यात फसवी असते ती देवांची जोडी. मुलगी गौरी, वडील शंकर. म्हणताना एकदम ‘गौरीशंकर’. मुलगी सिद्धी, वडील गणेश. दोन्ही नावं सुरेख, पण एकत्र आली की बापलेकीऐवजी नवराबायको होतात. पाचवी-सहावीतल्या पोरांना पुराणातलं बाकी काही ठाऊक नसलं तरी हे बरोबर ठाऊक असतं. त्या मानानं तुझी अडचण एका अक्षराची आहे.

आणि अर्थानं बघशील तर ही जोडी मुळीच बिघडलेली नाही. विश्वंभर म्हणजे विश्वाचं भरणपोषण करणारा, विठ्ठलाचंच नाव. देहूला तुकोबांच्या घराण्यात विश्वंभरबुवा हे त्यांचे पूर्वज. देहूतल्या विठ्ठलाची कथा सांगायला बसलं की त्यांच्यापासूनच सुरुवात होते. ओवीच्या पाठीमागे विश्वंभर उभा असावा, हे सासऱ्यांच्या मनात मुद्दाम आलं असेल की आपोआप, एकदा विचार त्यांना.

नवऱ्याची ‘विश्व’वाली सूचना मात्र अजिबात ऐकू नकोस. त्याच्या आधारवर, पॅनवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर विश्वंभर असेल आणि मुलीच्या नावात विश्व, तर कागदाच्या लेखी तो दुसराच कुणी माणूस झाला. त्या दोघांना बापलेक ठरवायला पुढे किती प्रतिज्ञापत्रं लागतील ते लागोत. मित्रांनी विशू म्हणावं, लेकीनं बाबा म्हणावं. कागदावर चार अक्षरं पूर्ण.

आता खरं उत्तर. तुझ्या पत्रातच ते आहे, पण सासूबाईंच्या तोंडून आल्यामुळे तू बहुधा त्याच्याकडे नीट पाहिलं नाहीस.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला: १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, या क्रमानं लिहायचं. मंत्रालयातल्या पाट्यासुद्धा तशा झाल्या. ‘देवेंद्र सरिता गंगाधर फडणवीस’ आणि ‘एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे’ वर्तमानपत्रात वाचल्याचं तुला आठवत असेल. तुझी ओवी या नियमातली. म्हणजे ओवी आणि विश्वंभर यांच्यामध्ये एक नाव येणारच आहे, आणि ते आईचं आहे.

काहीजणांना यात फार नवं वाटतं. पण कार्ल्याच्या लेण्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, त्यात राजा आहे वासिष्ठीपुत्र पुळुमावी. त्याचा बाप गौतमीपुत्र सातकर्णी. दोघांचीही ओळख आईवरून. लोणावळ्याला चिक्की घेऊन परतणाऱ्या किती गाड्या तिथे वळतात कोण जाणे.

तर ‘ओवी मृणाल विश्वंभर’. म्हण बघू मोठ्यानं. ‘वी’ संपली की ‘मृ’साठी ओठ मिटावेच लागतात, त्यामुळे ओवी आपोआप वेगळी ऐकू येते. ‘ल’ झाल्यावर ‘वि’ येतो, तिथेही गोंधळ नाही. आणि अक्षरं मोज: ओ-वी दोन, मृ-णा-ल तीन, वि-श्वं-भ-र चार. पायऱ्या चढत गेल्यासारखं. जात्यावर बसलेल्या बाईनंही हे नाव चालीत म्हटलं असतं. रोमन आद्याक्षरं घेतलीस तर ‘ओ’ आणि ‘एम’, म्हणजे ‘ओम’, आणि पुढे ‘व्ही’. हे सासऱ्यांना सांग, पण नणंदेला सांगू नकोस, ती लगेच मग त्याचा टी-शर्ट छापेल.

तेच ‘ओवी विद्या विश्वंभर’ म्हणून बघ. वी, वि, वि. तीन माणसं एकाच दारातून घुसायला बघतायत. सासूबाईंनी विश्वंभरला जुळतं म्हणून विद्या निवडलं, ते पत्रिकेवर छानच दिसलं असणार. पण जे नवराबायकोत जुळतं तेच लेकीच्या नावात अडतं.

ही आवाजाची गोष्ट. पण समज, विद्या कानाला गोड लागलं असतं, तरी मी मृणालच म्हटलं असतं. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नाव लिहितात, आणि ते नाव किती जणींच्या बाबतीत ताटाबाहेर पडतं आणि किती जणींच्या नाही, याचा कागदांना पत्ता नसतो. तुझ्या पिढीत बहुतेकींचं पहिलं नाव कागदावर माहेरचंच राहतं. माझ्या पिढीत उलटं. आमच्या शाळेत प्रवेश घेताना आईचं नाव विचारलं की काही बायका थबकायच्या. ‘कुठलं सांगू?’ असं एकीनं मला विचारलं होतं, आणि शेजारी उभ्या नवऱ्यानं उत्तर दिलं होतं. लेकीच्या कागदावर आईचं तेच नाव हवं जे आईच्या स्वतःच्या कागदावर आहे. तुझ्या आधारवर मृणाल आहे, म्हणजे इस्पितळानं जन्माची खबर दिली तेव्हा आईच्या रकान्यात बहुधा मृणालच गेलंय. दाखल्याची प्रत काढून आधी ते बघ. तसं असेल तर वाद कधीच मिटलाय, घरच्यांना कळवायचं तेवढं बाकी आहे.

आता कार्यालयाची कामं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती इस्पितळाकडून झालीच असेल. बाळाचं नाव मागाहून घालता येतं; पहिल्या वर्षात त्याला विलंब शुल्क नाही, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तुझ्या हातात आठ महिने आहेत, पण रेंगाळू नकोस. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, पुढे वाहन परवाना, मतदारयादी, सगळ्याला जन्मदाखला हाच पुरावा आहे. आमच्या वेळी शाळेत गुरुजी सांगतील ती जन्मतारीख आणि लिहितील ते नाव असा कारभार होता. जूनमध्ये जन्मलेली मुलं महाराष्ट्रात इतकी का, हे त्या पिढीला विचार. आता दाखल्यावर जे आहे तेच पुढे सगळीकडे उतरत जातं. वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयात जाशील तेव्हा ‘बाळाचं नाव’ या रकान्यात पूर्ण नाव, आडनावासकट, कसं हवंय ते मराठीत आणि इंग्रजीत कागदावर लिहून ने. तोंडी सांगू नकोस.

इंग्रजी स्पेलिंगवर थोडी थांबते, कारण रडारड तिथेच होते. विश्वंभर तीन ठिकाणी चुकू शकतं: पहिला व्ही, दुसरा डब्ल्यू की पुन्हा व्ही? अनुस्वाराला एम की एन? ‘भ’चा एच राहिला तर विश्वंबर. आणि मृणाल! आपण मराठी लोक ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ करतो, म्हणून एम-आर-यू. उत्तरेकडे ‘रि’, म्हणून एम-आर-आय. तुझ्या आधारवर जे असेल ते, नवऱ्याच्या पासपोर्टवर जे असेल ते, अक्षर न अक्षर उतरव. त्यातलं बरोबर कुठलं हा विचारही करू नकोस. आधीच चुकीचं छापलेलं असेल तर तीच चूक पुन्हा कर. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, ती संधी कुणाच्या तरी ‘एच’साठी खर्च व्हायला नको.

पासपोर्टच्या अर्जात रकाने दोनच: दिलेलं नाव आणि आडनाव. आईवडिलांची नावं तिथे वेगळी विचारतात. म्हणजे ‘ओवी मृणाल विश्वंभर’ हे सगळं पहिल्या रकान्यात जाईल, आणि आत्याकडे जायची वेळ आली की विमानाच्या तिकिटावर तिन्ही नावं डब्यासारखी जोडून येतील. घाबरू नका, त्यांच्याकडे तसंच छापतात. तिकीट काढताना पासपोर्टवरून जसंच्या तसं उतरवलं की झालं. नणंदेनं सुचवलेलं ‘रिया’ घातलं असतंस तर या रांगेत चौथं नाव उभं राहिलं असतं. रिया हे नाव वाईट नाही, पण ते इथे कुणाचंच नाही. तिला म्हणावं, तू आत्या आहेस, कानात नाव सांगायचा पहिला मान तुझा होता. आता लाडाचं नाव ठेवायचाही मान घे आणि व्हिडिओ कॉलवर खुशाल रिया म्हण.

हजेरीचं अजून एक. आपल्या शाळांत आणि दहावीच्या बोर्डात आडनाव आधी लिहितात. म्हणजे तिचं नाव बऱ्याचदा ‘आडनाव, ओवी मृणाल विश्वंभर’ असं पुकारलं जाईल. तुझं आडनाव मी इथे लिहीत नाही, पण ते ‘ओ’वर संपत नाही, एवढं तपासलंय. चालेल. आणि वर्गात दुसरी ओवी निघाली (निघेल, सध्या बारशाला हे नाव फार ऐकू येतंय) तर बाई काय करतात माहीत आहे? मधल्या नावानं हाक मारतात. आमच्या वर्गात दोन स्नेहल होत्या, एक स्नेहल अनिल, एक स्नेहल प्रकाश. दहावीपर्यंत त्यांना आडनाव आहे हे अर्ध्या वर्गाला माहीतच नव्हतं. तुझी लेक ‘ओवी मृणाल’ होईल. ऐकायला बरं वाटेल ना?

मधल्या नावात वडील नकोतच, अशी घरंही मला पत्रं पाठवतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. अविवाहित आईला मुलाच्या दाखल्यासाठी वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. आईचं प्रतिज्ञापत्र पुरतं. खिडकीवरच्या माणसानं हुज्जत घातली तर वरिष्ठांना भेटा, रडत परत येऊ नका. तुझा तो प्रश्न नाही, म्हणून पुढे जाते.

राहिल्या सासूबाई. खरं पत्र तू त्यांच्यासाठीच लिहिलंयस, असं मला शेवटच्या चार ओळींवरून वाटलं. ‘विद्या’ हे नाव त्यांनी तुझ्यासाठी निवडलं, जुळवून निवडलं, आणि आता नातीच्या नावात ते यावं असं त्यांना वाटतं. त्यात त्यांचाही थोडा वाटा आहे. सून म्हणून तुझं नाव लागावं असं म्हणणारी सासू आजही घरोघरी नसते, हे विसरू नकोस. त्यामुळे नियमाचा कागद त्यांच्यापुढे धरून ‘बघा, चालत नाही’ असं करू नकोस. जवळ बसून तिन्ही नावं त्यांनाच मोठ्यानं म्हणायला सांग. एकदा विद्या घालून, एकदा मृणाल घालून. ज्या बाईनं विश्वंभरला विद्या जुळवलं, तिचा कान चांगला आहे. तिला ऐकू येईल.

आणि आता ओवीचं उष्टावण येईल दोनेक महिन्यांत. मामा खीर भरवेल, त्याला चांदीची वाटी लागेल. ती सासूबाईंना आणू दे. तुळशीबागेत भांड्यांवर नाव कोरून देणारे आहेत, आधी कागदावर लिहून दाखवतात. वाटीवर ‘ओवी विद्या विश्वंभर’ घालायला सांग. वाटीला कुणी हजेरी विचारत नाही, आणि ते तीन ‘व’ ओळीनं गोल फिरत गेले की नक्षीसारखे दिसतील.

कोरणाऱ्यालाही ‘श्वं’ लिहून दे. ते अक्षर ते लोक हमखास चुकवतात.

– तुझी,
बाई